कीबोर्डावरचं कुंकू

माझा उजवा पाय स्वस्थ राहत नाही. खुर्चीत बसलो तरी पंजा खाली-वर, खाली-वर चालूच. सून म्हणते, "बाबा, बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते." तिला काय सांगू, लक्ष्मी आली ती याच पायावर. उल्हासनगरच्या कॅम्प पाचात, जीन्सच्या कारखान्यात मी जन्मभर शिलाई मारली. जाडं कापड, चार पदरी जोड, सुई मोडेल पण टाका चुकणार नाही असं काम. कारखाना बंद झाला, मशीन भंगारात गेली. पायाला कुणी सांगितलंच नाही.

राहतो पालेगावात. गाव आमचंच. जिथं आमचं भाताचं खाचर होतं तिथं आता बिल्डिंग उभी आहे आणि मी माझ्याच शेताच्या वर, चौथ्या मजल्यावर झोपतो. मला त्याचं दुःख वगैरे काही नाही. लिफ्ट बंद पडली की मात्र होतं. मुलगा मस्कतला कामाला. घरात मी, सून आणि नात.

नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी लहान मुलांच्या ट्यूशन घेते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर खेळते. खेळ म्हणजे स्क्रीनवर बंदुका घेऊन पळापळ. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. सुरुवातीला मी पण चार घरचे आजोबा बोलतात तेच बोललो. मग एकदा मागे उभा राहून तिचा डावा हात बघितला. चार बटणांवर बोटं अशी चालत होती, की वाटलं ही पोरगी कापड सरकवतेय. न बघता. त्या दिवसापासून तिला काही बोललो नाही. सुनेला बोललो, की ती खेळत असताना भाजी निवडायला हाक मारायची नाही.

ट्यूशनच्या पैशातून तिनं कीबोर्ड घेतला. साधा नाही, खेळायचा. आला त्या दिवशी मला बोलावलं. चिमट्यासारखं हत्यार घालून एका बटणाची टोपी उपटली. पुन्हा ओढलं, तर खालचा खटकाच हातात आला. ना डाख, ना स्क्रू.

"मग तार कुठं हाय?"

"खटक्याला तार नाहीच, आजोबा. बाकीच्या कीबोर्डात दोन पत्र्या एकमेकींना टेकल्या की बटण लागतं. घासून घासून त्या खराब होतात. इथे टेकत काहीच नाही. हे बघा, खाली बोर्डावर, या बाजूने उजेड निघतो, त्या बाजूला डोळा. मध्ये ही दांडी उभी. बटण दाबलं की दांडी खाली सरकते, मग उजेड डोळ्याला दिसतो."

"मला तर नाय दिसत."

"आपल्याला दिसणाराच नाही तो. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो ना, तसा."

मी विचार केला. म्हटलं, "म्हंजे दारात माणूस उभा. तो उभा हाय तवर घरात अंधार. खाली बसला की ऊन आत."

"हां! एकदम सही. आणि किती खाली बसला, ते पण कळतं. जेवढा बसेल तेवढं ऊन."

मग तिनं स्क्रीनवर दाखवलं. प्रत्येक बटण वेगळं लावता येतं. किती खाली गेलं की धरायचं, ते आपण ठरवायचं. पुढे पळायचं बटण, त्याला डब्ल्यू म्हणतात, ते तिनं इतकं वर ठेवलं होतं, की बोट नुसतं टेकून वाकलं तरी लागावं. करंगळीखालचं मात्र खोल, कारण तिची करंगळी तिथं विसावते आणि नको तेव्हा लागतं. खटक्यातली स्प्रिंग बदलता येते, कडक किंवा मऊ. एका बटणाचं काम दुसऱ्याला देता येतं.

"एवढ्याशा फरकानं काय होतं?"

"तेवढ्यानेच तर हरतात, आजोबा."

हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. ज्याची मशीन त्याचा पाय. माझ्या मशीनचा पट्टा मी जरा ढिला ठेवायचो, मला हलका पाय लागायचा. एकदा मी जेवायला गेलो असताना शेजारचा कारागीर माझ्या मशीनवर बसून उठला. आल्यावर पहिल्या टाक्यालाच मला कळलं. मी ताटावरून उठल्यासारखा उठलो आणि भांडलो. आमचा सिंधी शेठ पोट धरून हसला. "अरे साईं, मशीन है, घरवाली थोड़ी है!" मी म्हटलं, "शेठ, घरवाली मायके जाती है. मशीन नहीं जाती."

आता खंडेनवमीचं सांगतो.

कारखान्यात आदल्या दिवशी सगळ्या मशिनी उघडायच्या. आत निळा भुस्सा साचलेला असायचा, तो ब्रशनं काढायचा, सांध्यासांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. सकाळी हळद-कुंकू, झेंडू, नारळ. हत्यार वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा. कारखाना सुटला पण मी हे सोडलं नाही. घरातली कात्री, मिक्सर, इस्त्री, सुनेची स्कूटी, सगळ्यांना कुंकू लागतं. त्या वर्षी सकाळी पाट मांडला आणि मनात आलं, या घरात खरं राबणारं हत्यार कुणाचं? पोरीचं.

त्यात त्याच संध्याकाळी तिची ट्रायल होती. एका टीममध्ये एक जागा रिकामी होती. घरूनच खेळायचं, टीमवाले तिकडून बघणार. खेळ आवडला तर जागा तिची. महिनाभर ती जेवताना पण बोटं ताटाच्या कडेवर चालवत होती. अशा दिवशी तिच्या हत्याराची पूजा करायची नाही, तर मग आजोबा कशाला?

ती ट्यूशनला गेलेली. सून अंबरनाथला बाजारात. मी कीबोर्ड पाटावर घेतला. लांब बटण करकरायचं, ते मी बरेच दिवस ऐकत होतो. माझी तेलाची कुपी अजून आहे. टोप्या उपटल्या, लांब बटणाखाली तेल सोडलं. तेल सोडता सोडता तिची बोटं चालतात त्या चार बटणांनाही सोडलं, एकाला द्यायचं आणि चौघांना उपाशी ठेवायचं हे बरं दिसत नाही. मग कुंकवाची वाटी घेतली. टोप्या काढलेल्याच होत्या. म्हटलं, टोपीला कशाला लावायचं? पागोट्याला कुणी कुंकू लावत नाही, कपाळाला लावतात. खालच्या दांड्यांनाच लावलं. चांगलं चिमटीभर. वर झेंडूच्या पाकळ्या. उदबत्ती ओवाळली, टोप्या बसवल्या, ठेवून दिला जागेवर.

ती आली, कॉम्प्युटर लावला. मी दारातच उभा, शाबासकीला.

"आजोबा, याला काय झालं?"

"काय झालं?"

"डब्ल्यू लागत नाहीये. कितीही दाबला तरी नाही. आणि हे लाल लाल काय..." टोपी उपटली आणि तिचा आवाजच बसला. "आजोबा. तुम्ही याला कुंकू लावलंत?"

"खंडेनवमी हाय आज."

"आत?"

"दांडीला लावलं. थोडं तेल पण सोडलं, करकरत होतं."

तिनं डोकं धरलं. "उजेडाचा रस्ता आहे तो! मी दाखवलं होतं ना तुम्हाला!"

"उजेडाला कुंकवाची काय अडचण? देवळात दिवा कुंकवातच जळतो."

"दिवा बाहेर जळतो, आजोबा, वाटीत बुडवून नाही!"

खरं सांगायचं तर मला राग आला. मी चांगल्या मनानं केलेलं. मी म्हटलं, "तसंपण आज त्याला हात लावायचा नसतो. आज त्याच्या आरामाचा दिवस."

"माझी ट्रायल आहे आज!"

"म्हणून तर पूजा केली!"

"पूजा केली की चालवायचं नाही, आणि चालवायचंय म्हणून पूजा केली. काय बोलताय तुम्ही?"

"पूजेनंतर शकुनाचा एक टाका मारायचा असतो," मी म्हटलं. असं काही नसतं. तेव्हा सुचलं ते बोललो.

तिनं खटके एकेक करून उपटले. खाली बोर्डावर बारीक डोळे, मोहरीएवढे पण नाहीत. नुसतं कुंकू असतं तर ब्रशनं उडालं असतं. तेलात भिजून त्याचा चिखल झाला होता. दारातला माणूस खाली बसला तरी दारातच गाळ.

"स्कूटीतलं पेट्रोल आणू?" मी म्हटलं. "मिनिटात साफ. आम्ही मशिनी पेट्रोलनंच धुवायचो."

"प्लास्टिक विरघळेल. तुम्ही फक्त लांब उभे राहा."

"मग तो जुना कीबोर्ड घे. टीव्हीच्या कपाटातला."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला माझा शेजारचा कारागीर आठवला. 

माझ्या इन्सुलिनच्या सुईआधी पुसायचं स्पिरिट घरात होतं. तेच घेतलं तिनं. कान कोरायच्या काड्या लाल होऊन पडत होत्या, ताटलीत ढीग झाला. सून आली, ढीग बघून घाबरली. "कुणाला लागलं?" मी म्हटलं, "कुणाला नाय. पूजा चालू हाय." सुनेनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली.

वेळ झाली तेव्हा तिनं दार लावून घेतलं. मला बसवेना. गॅलरीत गेलो, खाली झेंडूच्या माळा लावलेल्या रिक्षा उभ्या, कुणीतरी ट्रकच्या चाकाखाली लिंबं ठेवत होता. परत आत. जिन्यानं खाली उतरलो, वर चढलो, दाराला कान लावला. आत बटणांचा आवाज. मला आवाजावरून कळलं पाहिजे होतं. शिलाईचा आवाज ऐकून सांगायचो, टाका सुटलाय का. या आवाजातलं मला काही कळेना.

दार उघडलं. तिचा चेहरा साधा.

"नाही झालं. दुसऱ्या कुणाला घेतलं."

"कीबोर्ड..."

"कीबोर्ड मस्त चालला. माझाच नेम गेला आज." आणि पाटावर येऊन बसली, पुरणपोळी जेवली. वर आईला म्हणाली, छान झालीय.

इथंच माझं बिनसलं. ही पोरगी लहानपणी कॅरम हरली की सोंगट्या भिंतीवर मारायची. हार तिला माझ्यासारखीच पचत नाही. हरलेलं माणूस असं शांत जेवत नाही. 

दसरा झाला, सोनं वाटून झालं, माझं चित्त थाऱ्यावर नाही. कारखान्यात सुई मोडली की कुणामुळं मोडली हे मी छातीठोक सांगायचो. मशीनची असेल तर मशीनची, माझी असेल तर माझी. माझी फार वेळा नव्हती, ते जाऊ द्या. पण इथं पोरीची जागा गेली आणि ती कुणामुळं गेली, हे मला ठाऊक नाही. सुनेला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. ती काही बोलली का तुम्हाला?" मी म्हटलं, "तेच तर. बोलत नाय."

शेवटी एका दुपारी तिच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढली. "ते दाखव मला. बटण किती खाली गेलं ते दाखवतं ते."

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना, बाय."

तिनं नाइलाजानं लावलं. स्क्रीनवर एक उभी पट्टी. बटण दाबू तशी हिरवी वर चढते. मी आधी दुसरं बटण दाबलं, हळूहळू. पट्टी तेलासारखी चढली. मग डब्ल्यू दाबलं. थोडी चढली, थांबली, थरथरली आणि एकदम उडी मारून वर गेली. सोडलं, पुन्हा दाबलं. तीच जागा, तीच थरथर. टाका तिथं सुटत होता.

"हे काय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "थोडं राहिलंय आत. स्पिरिटने पूर्ण निघालं नाही."

"आणि तू असंच खेळलीस?"

"नाही. मी सेटिंग बदललं त्या दिवशी. जिथे थरथरतं त्याच्या खाली नेलं. मग नीट लागतं. फक्त बोट जरा जास्त खाली न्यावं लागतं."

"किती जास्त?"

"एवढंसं, आजोबा. तेवढ्याने काय होतं."

मी तिच्याकडे बघितलं. तिनंच तिचं वाक्य ऐकलं असावं, कारण मान खाली घातली. माझ्या कुंकवाच्या खाली जाऊन ती खेळली होती आणि वर येऊन नेम गेला म्हणाली होती. मला कुणी इतकं सांभाळून घ्यावं एवढा मी म्हातारा झालेलो नाही. मी उठलो. माफी बिफी मागितली नाही. चप्पल घातली.

"कुठे चाललात?"

"कॅम्प पाच. तुझा तो खटका दे काढून."

शेअर रिक्षानं गेलो. आमच्या कारखान्याच्या गल्लीत जिथं धाग्याच्या रिळांचं दुकान होतं तिथं आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. डोळ्याला भिंग लावून बोर्ड धुतो. मी खटका त्याच्या पुढं ठेवला. त्यानं भिंगातून बघितलं, नखानं खरवडलं, वास घेतला.

"काका, ये कुंकू है क्या?"

"है."

"कीबोर्ड में? शादी करा दी क्या उसकी?"

"तू धोने का दवा दे. शादी का मत पूछ."

हसत हसत त्यानं एका बाटलीत पाण्यासारखं औषध ओतून दिलं. मोबाईलचे बोर्ड त्यानंच धुतात, लावलं की भुर्रकन उडून जातं, मागे काही ठेवत नाही. वर एक मऊ ब्रश दिला आणि बजावलं, "काका, तेल मत डालना फिर से." मी म्हटलं, जन्मभर तेलच घातलं. तो म्हणाला, "इसमें घिसने वाला कुछ है ही नहीं, तेल किसको पिलाओगे?"

त्याचं बरोबर होतं. पण मी मान हलवली नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं गॅलरीच्या उजेडात बसलो. खटके तिनं उपटले, धुतले मी. तिला करू दिलं नाही. ज्यानं घाण केली त्यानं धुवायचं, हा आमच्या कारखान्याचा कायदा. डोळ्यांच्या कोपऱ्यात रेघेएवढं लाल बसलेलं होतं, ब्रशच्या एका केसानं काढावं लागलं. हात थरथरतो माझा हल्ली. ती म्हणाली, "द्या इकडे." मी म्हटलं, "गप बस." मग पट्टी लावून बघितलं. पुन्हा धुतलं. पुन्हा बघितलं. सून दोनदा चहा ठेवून गेली आणि दोनदा गार झाला. शेवटी डब्ल्यू दाबलं आणि पट्टी खालपासून वरपर्यंत एकदम मऊ चढली. कुठं थरथर नाही.

"आता वर घे," मी म्हटलं. "होतं तिथं."

तिनं सेटिंग वर घेतलं. नुसतं बोट टेकलं की लागलं.

दिवाळीच्या तोंडावर त्याच टीमचा निरोप आला. ज्याला घेतलं होतं त्यानं टीम सोडली, परत ट्रायल. सुनेला आनंद झाला. मला मात्र आदल्या खेपेपेक्षा जास्त धडधडलं. त्या दिवशी ती हरली, तर दोष द्यायला माझं कुंकू होतं. आज काय होतं? ट्रायलच्या सकाळी ती फरसाण खात होती आणि मी सहज म्हटलं, "लक्ष्मीपूजनाला यंदा..."

तिनं खाणं थांबवलं.

"फूल ठेवीन," मी म्हटलं. "सुकं."

"बॉक्सवर ठेवा. रिकाम्या."

"रिकाम्या बॉक्सची पूजा कुणी करतं का?"

"मग वायरला बांधा. पण लांबच्या टोकाला."

यावर आमचं जमलं.

संध्याकाळी दार बंद झालं. या खेपेला मी जिना चढलो-उतरलो नाही. हॉलमध्ये बसलो. पाय चालू होता. सून काही बोलली नाही, तिचेही डोळे दाराकडंच. आत बटणं वाजत होती. मग थांबली. मग धाडकन खुर्ची सरकली आणि आतून शिवी ऐकू आली. आमच्या घरात अशी शिवी मीच देतो.

मी दार उघडलं. ती उभी होती, चेहरा लाल. "हातात आलेली मॅच घालवली मी! तो समोर उभा होता, समोर! मला घाई झाली. काय गरज होती घाई करायची? मूर्ख आहे मी, अक्कलच नाही." उशी उचलून पलंगावर आपटली. "ट्रायलला दुसरी एक पोरगी होती, ती शांत होती, तिला घेतलं. घेणारच. मी असते तर मी पण तिलाच घेतलं असतं."

सून मागून म्हणाली, "अगं, जाऊ दे ना..."

"काय जाऊ दे? जाऊ देणार नाही!"

मी सुनेला हातानं मागं सारलं. पोरीची जागा गेली, वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलंच. पण छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. हा राग तिचा होता. कुठंही माझं बोट लागलेलं नव्हतं. हरली ती तिची ती हरली, जशी कॅरममध्ये हरायची.

ती परत खुर्चीत बसली. ती मॅच पहिल्यापासून लावून बघायला लागली, कुठं घाई झाली ते शोधायला. ओठ चावत होती, बोटं बटणांवर. खोलीतला दिवा लावायचं तिला सुचलं नव्हतं, हॉलचाच उजेड होता आणि दारात मी उभा.

"आजोबा, सरका ना. उजेड अडवताय."

मी तिथंच खाली बसलो.